ल, ळ आणि तात्यांचं सुतक

आमच्या घरात माणसं तीन आणि आडनावं पाच. आडनाव इथे लिहीत नाही, कारण कसंही लिहिलं तरी निम्मे नातेवाईक म्हणणार की बाईंनी चुकीचं लिहिलं. इतकंच सांगते, की मधल्या अक्षराचा कधी ल होतो, कधी ळ, शेवटी 'कर' लावायचं की नाही यावरून दोन चुलतभाऊ अजून बोलत नाहीत, आणि इंग्रजीत लिहायची वेळ आली की लिहिणाऱ्याच्या मनाला येईल ते बाहेर पडतं. नवऱ्याच्या आधार कार्डावर एक आडनाव, पॅन कार्डावर दुसरं. विजेच्या बिलावर जे आहे ते मला एखाद्या पालेभाजीचं नाव वाटतं, पण बिल भरलं की वीज येते, म्हणून आम्ही गप्प आहोत.

लग्नानंतर माझं नवं नाव नोंदवायला आम्ही गेलो तेव्हा तिथल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "ल का ळ?" मी नवी नवरी, मला काय माहीत. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "टाका काहीपण." ज्या आडनावासाठी मी माझं चांगलं दोन अक्षरी, कुणाच्या बापाला चुकता येणार नाही असं माहेरचं आडनाव सोडून आले होते, त्याला या गृहस्थांनी 'काहीपण' म्हटलं. मला तेव्हाच राग आला होता आणि खरं सांगायचं तर तो अजून गेलेला नाही.

नोकरी होती तोवर सवड नव्हती. बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत माझी उमेदीची सगळी वर्षं आवक-जावक टेबलावर गेली, लोकांच्या नावातले काने-मात्रे दुरुस्त करण्यात. निवृत्त झाले आणि पहिल्याच आठवड्यात ठरवलं, आता स्वतःच्या घराचा इतिहास काढायचा. नवरा म्हणाला, "माझ्या घराण्याचा इतिहास मला नकोय, तुला कशाला हवा?" मी म्हटलं, "मी त्यात राहते म्हणून."

माझी पद्धत सोपी होती. डोळे उघडे ठेवून फिरायचं. नवी मुंबईत चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स असतात आणि त्यांच्या खाली शुभेच्छुक म्हणून पन्नास माणसांची नावं असतात. ती कोणी वाचत नाही. मी वाचते. सोसायट्यांच्या खाली लावलेल्या नावांच्या पाट्या वाचते, वॉचमन हटकेपर्यंत. लग्नपत्रिकेत मुलाचं आणि मुलीचं नाव सोडून खालचं 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'च्या वरची सगळी फौज वाचते. एकदा तुर्भ्याच्या सिग्नलला एका टेम्पोच्या मागे आमचं आडनाव रंगवलेलं दिसलं, 'कर' सकट. मी रिक्षावाल्याला म्हटलं, त्या टेम्पोच्या मागे चल.

"मॅडम, पोलीसमधे हाय का तुमी?"

"नाही, नातेवाईक आहे."

टेम्पो मार्केटच्या गेटाशी थांबला. ड्रायव्हरने सांगितलं की टेम्पो त्याने सेकंडहँड घेतलाय, आडनाव आधीच्या मालकाचं आहे, पुसायला पेंटर मिळत नाही. मी आधीच्या मालकाचा नंबर घेतला. ड्रायव्हरलाही ग्रुपमध्ये घेतलं, कारण त्याने फार आपुलकीने विचारलं.

तर ग्रुप. लेकीने मला व्हॉट्सअॅप ग्रुप काढून दिला आणि मी अॅडमिन झाले. माझा सिद्धांत असा, की ल, ळ, कर, बिनकर हे सगळे एकच. कधीतरी एकाच गावातून, एकाच उंबऱ्यातून निघाले आणि शाळामास्तर, तलाठी, मिलचा कारकून, रेशनवाला यांनी त्यांना वाटेत वेगवेगळं केलं. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या ठणकावून सांगितलं की लोकांना पटलं. नाही पटलं तर मी त्यांना पुन्हा सांगत असे. ळवाल्यांना लवाले जरा हलके वाटायचे, लवाल्यांना ळवाले गावंढळ वाटायचे, आणि करवाले दोघांनाही विचारत नसत. त्यांची भांडणं सोडवता सोडवता मला कचेरीची आठवण यायची. खूप बरं वाटायचं.

मग कोपरखैरण्याच्या एका हॉलमध्ये स्नेहमेळावा घेतला. दारात फ्लेक्स लावला, त्यावर आडनाव सगळ्या प्रकारांनी छापलं आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आपण सारे एकच भावकी'. हे वाक्य माझंच. नंतर ते मला इतकं महागात पडेल असं वाटलं नव्हतं.

तात्या मला त्या मेळाव्यात भेटले. घणसोलीहून, तळवलीच्या अंगाने, नातवाच्या बाईकवर मागे बसून आले होते. सत्तरी उलटलेले, पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा. ते लवाले. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी गावात भांडण करून गाव सोडलं ते कायमचं. कुठलं गाव, कुणाशी भांडण, काही सांगितलं नाही. तात्या परळच्या चाळीत वाढले, पुढे मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गाळ्यावर आयुष्य काढलं.

"माझा बाप गेला तवा खांदा द्यायला चाळीतले लोक आले," ते मला म्हणाले. "चांगली मानसं होती. पण सुतक धरायला मी एकटाच. दहा दिवस एकटाच बसून होतो. आपलं असं कोन नाय, हे तवा कळलं बघा." मग त्यांनी फ्लेक्सकडे बघितलं, टोपी काढली, परत घातली आणि मला सूनबाई म्हणाले. मी वाकून नमस्कार केला. आमचं जमलं.

आता भावकी म्हणजे काय, तर मुख्यतः सुतक. लग्नाला कोणीही येतो, जेवण असतं. पण भावकीत कोणी गेलं की भाऊबंदांनी दहा दिवस गोड खायचं नाही, देवपूजा नाही, देवळात जायचं नाही, दहाव्याला पुरुषांनी डोकं उतरवायचं. लांबची भावकी असेल तर तीन दिवसांवर भागतं. तात्यांना जवळचं कोण आणि लांबचं कोण ते माहीत नव्हतं आणि विचारायला लाज वाटायची, म्हणून ते सगळ्यांचं पूर्ण पाळायचे.

ग्रुप मोठा झाला होता. मोठ्या ग्रुपात कोणी ना कोणी जातच असतं. कोणी गेल्याचा मेसेज पडला की सगळे हात जोडलेली चित्रं टाकत आणि पुढच्या कामाला लागत. तात्या मात्र देवघरावर पडदा टाकत. कऱ्हाडकडच्या एका करवाल्याची आत्या गेली, तात्यांनी पाळलं. त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं की लग्न होऊन गेलेल्या आत्याचं भावकीला तसं लागत नाही, पण ते लक्षात येईपर्यंत निम्मे दिवस झाले होते. एकाने पाळलेल्या कुत्र्याचा फोटो टाकून खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, तर तात्यांनी मला फोन केला, "सूनबाई, हे कितव्या पिढीतले?" त्यांना फोटो नीट दिसला नव्हता.

शेवटी त्यांची सून माझ्याकडे आली. बिचारी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येच मला गाठून म्हणाली, "काकू, तुमच्या ग्रुपमुळे आमच्या घरात वर्षभर शिरा झाला नाय. गणपती शेजाऱ्यांकडे बसवला आनी आमी दारातून दर्शन घेतलं. हळदीकुंकू कॅन्सल. पाडव्याला श्रीखंडाचा डबा आनला तर मामंजी बोलले फ्रीजमधे ठेव, दहा दिवसांनी बघू. खराब झालं." मी तात्यांना समजावलं. ते ऐकून घेत, हसत आणि म्हणत, "सूनबाई, इतकी वर्षं कोनाचंच नव्हतं. आता हाय तर पाळू दे ना." त्यांना डोक्यावरून हात फिरवताना बघितलं की मला कळायचं, परत कोणीतरी गेलंय.

एवढ्यात माझ्या लेकीने मला सांगितलं की तिला तात्यांच्या नातवाशी लग्न करायचंय.

मेळाव्यात ती दारात नावं लिहून घेत होती आणि तो तात्यांना घेऊन उभा होता. त्याचं आडनाव लिहिताना तिने विचारलं, ल का ळ, आणि तो म्हणाला, तुम्हाला जे सोपं पडेल ते. म्हणे तिथेच तो आवडला. मला माझा लग्नानंतरचा तो दिवस आठवला आणि मी कपाळावर हात मारला. पण मुलगा चांगला होता. ऐरोलीत नोकरी, निर्व्यसनी, आजोबांना वेळेवर गोळ्या देणारा. त्याच्यात खोट एकच, की मी स्वतः, फ्लेक्स छापून, दोनशे लोकांसमोर, त्याला माझ्या लेकीचा भाऊ केला होता.

"आई, टेन्शन नको घेऊ," लेक म्हणाली. "कुठलं तरी हजार वर्षांपूर्वीचं असेल. आणि तेपण तूच लावलंस."

"आमच्यात भावकीत लग्न होत नाही."

"मग भावकी काढून टाक. अॅडमिन तू आहेस."

नवरा वर्तमानपत्राआडून हसत होता. त्याला हा विषय आयुष्यात पहिल्यांदाच आवडला होता.

खरी अडचण मी नव्हते, थोरले दीर होते. ते गावी असतात, साताऱ्याकडे. त्यांना मूलबाळ नाही आणि आमच्या लेकीवर जीव इतका, की लहानपणी तिला गोवर झाला तेव्हा ते कापणी टाकून इथे येऊन बसले होते. लेक रजिस्टर लग्न करायला मागेपुढे बघणारी नव्हती, पण मोठे काका मांडवात नाहीत म्हणजे लग्नच नाही, असं तिनेच मला रडत सांगितलं. मुलगी एरवी रडत नाही. त्यामुळे मला काय वाटतं, माझा सिद्धांत काय म्हणतो, सगळं बाजूला राहिलं. थोरल्या दिरांना पटलं पाहिजे, एवढंच उरलं.

ते आले. आमच्याकडे थोरल्या दिराने धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलायची पद्धत नाही, म्हणून गेली तीस वर्षं ते माझ्याशी फ्रीजकडे बघून बोलतात. तात्या आणि नातू समोर सोफ्यावर. मी चहा दिला आणि लगेच वकिली सुरू केली. ल वेगळे, ळ वेगळे, उच्चार वेगळा म्हणजे मूळ वेगळं, मधे दोन तालुके, मधे नदी. मी स्वतःलाच पटवून देत होते.

दीर फ्रीजला म्हणाले, "गेल्या साली तर एकच हाय म्हनत हुत्या. मला बसनं यायला लावलं त्या मेळाव्याला. चांगलं मोठं लिवलं हुतं."

"तेव्हा अभ्यास अपुरा होता."

"आडनावाचं सोडा. आडनाव एक असलं तरी देवक येगळं असलं की सोयरीक हुती. काय हो तात्या, तुमचं देवक कंचं?"

देवक म्हणजे लग्नात मांडवाच्या मुहूर्ताला पुजतात ते कुळाचं चिन्ह. कुणाचा कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाची तलवार. तात्यांनी खाली बघितलं. "बापाने सांगितलं नाय. माझ्या लग्नात शेजाऱ्यांचंच बसवलं."

"शेजारी कोन?"

"गुजराती."

दिरांनी चहाचा कप खाली ठेवला. मग कुलदैवत विचारलं. तात्या म्हणाले, चूक नको म्हणून ते सगळ्यांनाच जातात, जेजुरी, तुळजापूर, पाली, आणि एकदा कोणीतरी सांगितलं म्हणून कोकणात पण जाऊन आले. दिरांनी हात टेकले. मला वाटलं, संपलं, आता काही पुरावा नाही म्हणजे हरकतही नाही. मी शिऱ्याची कढई गॅसवर ठेवायला उठले.

"थांबा," दीर फ्रीजला म्हणाले. "देवक ठावं न्हाई, देव ठावं न्हाई. बरं. पन माझी चुलती गेली तवा ह्या तात्यांनी डोकं उतरावलं. मी सवताच्या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या शेजारी बसलं हुतं. मानूस परक्याचं सुतक धरतो का? धरलं म्हंजे भाऊबंद झाला. मग त्येचा नातू आमच्या पोरीचा भाऊ. आता सोयीचं न्हाई म्हनून न्हाई म्हनायचं?"

माझ्या सिद्धांताने काही केलं नव्हतं, माझ्या फ्लेक्सनेही नाही. तात्यांनी ज्या प्रेमाने ते सगळं पाळलं, त्याचीच आता मधे भिंत झाली होती. नातू आजोबांकडे बघत होता. तात्या आपल्या टोपीच्या काठाशी चाळा करत होते.

"सोडवायचं तर कसं सोडवायचं?" त्यांनी विचारलं.

"चारचौघांत धरलंय, चारचौघांत सोडाया पायजे. आमच्यात परत कोन गेलं आन तुमी न्हाई धरलं, तर मी म्हनंन, न्हाईत भाऊबंद. चुकून झालं हुतं." दीर उठले. "मला पोरगा वाईट न्हाई वाटत. पन मी चुलत्यांना काय सांगू?"

आता सांगा. लेकीचं लग्न, आणि ते व्हायला आमच्या घरात कोणीतरी जायला हवं. लेक म्हणाली, "हे काय लॉजिक आहे? कोणीतरी मरायची वाट बघायची?" वाट बघायची नाही, असं सगळ्यांनी मान्य केलं आणि सगळे वाट बघायला लागले. मी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन करायचे तेव्हा तब्येतीचं विचारताना माझा आवाज मलाच संशयास्पद वाटायचा. एक चुलत सासूबाई म्हणाल्या, "काय गं, हल्ली लई फोन करतीस. माझ्या पाटल्यांवर डोळा हाय का?" नवरा तर सरळ म्हणाला, "माझ्याकडे अशी बघू नकोस. माझं सुतक धरून काय उपयोग, मी मांडवात पाहिजे." हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण महिने गेले. लेक बारीक झाली. मुलगा यायचा बंद झाला, कारण कोणत्या नात्याने येणार, हे त्यालाच कळत नव्हतं.

मग आमचे मोठे चुलत सासरे गेले. सानपाड्याला लेकाकडे असत. नव्वदीच्या पुढचे, शेवटपर्यंत भूक चांगली, दुपारी जेवून झोपले ते उठले नाहीत. घरातल्यांनी सोनं झालं म्हटलं, आणि खरंच तसंच होतं. पण मला फोन आला तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढे तात्याच आले. कारण हे म्हातारबाबा तात्यांचे. मेळाव्यात त्यांना कमी दिसत होतं, कमी ऐकू येत होतं. तात्या पाया पडले तर त्यांनी तात्यांचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं आणि म्हणाले, "आलास का? लई उशीर केलास." कोणाला म्हणाले, देव जाणे. पण तेव्हापासून तात्या दर रविवारी घणसोलीहून सानपाड्याला जाऊन त्यांच्याशी बसत. पेपर वाचून दाखवत, नखं कापून देत. त्यांना ते 'काका' म्हणत. आख्ख्या ग्रुपमध्ये तात्यांनी स्वतः मिळवलेलं नातं ते एकच.

मी फोन केला. मी म्हटलं, "तात्या, तुम्हाला जे वाटेल ते करा. लग्नाचं आम्ही बघू." हे मी मनापासून म्हटलं की तोंडदेखलं, ते मला आजही सांगता येत नाही. ते म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.

मयताला ते आले, पण मागे उभे राहिले. त्यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. कस दहाव्यालाच लागणार होता.

दहाव्याला सगळे तलावाजवळच्या घाटावर जमलो. भटजी पिंडांची मांडणी करत होते, बायका एका बाजूला बसलो होतो. पायऱ्यांवर पुरुषांची ओळ लागली होती, डोकं उतरवायला. पहिले थोरले दीर, मग माझा नवरा, मग बाकीचे. समोर, वाटेच्या पलीकडे, बदामाच्या झाडाखाली सोयरे उभे होते, जावई, व्याही, मामाकडचे. त्यांच्या हातात पिशव्या. दुखवट्याच्या टोप्या, उपरणी, घरून आणलेलं जेवण. आमच्यात सुतकात असलेल्या घराला सोयऱ्यांनी जेवू घालायचं असतं, भाऊबंदांनी नाही, कारण भाऊबंद स्वतःच सुतकात.

तात्या रिक्षातून उतरले. हातात पिशवी होती. वाटेवर आले. आणि घाटावरचा न्हावी, जो इथे रोजचा आहे आणि ज्याच्यासमोर तात्या गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा बसले होते की तो त्यांना घरचाच समजायचा, त्याने पाट झटकून बाजूला केला, वस्तरा पाण्यात बुडवला आणि मोठ्याने म्हणाला, "या तात्या, बसा. आज लवकर नंबर लावतो तुमचा."

एरवी मी हसले असते. माझ्या शेजारच्या जाऊबाईंना हसू आलंही, मग त्यांनी पदर तोंडाला लावला. दिरांचं अर्धं डोकं झालं होतं, अर्धं राहिलं होतं, तसेच ते मान वळवून बघत होते. लेक माझा हात धरून होती.

तात्यांचा हात सवयीने टोपीला गेला. टोपी थोडी उचललीही त्यांनी. मग परत नीट बसवली.

"नको रे बाबा," ते न्हाव्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी सोयऱ्यातला."

आणि वाट ओलांडून ते बदामाखाली जाऊन उभे राहिले. तिथे त्यांना कोणीच ओळखत नव्हतं. एका जावयाने सरकून जागा दिली.

कावळा पटकन शिवला. विधी आटपल्यावर सोयरे पुढे आले. तात्यांनी पिशवीतून टोपी काढली आणि दिरांच्या नुकत्याच उतरवलेल्या डोक्यावर ठेवली. दिरांनी मान खाली केली होती. तात्यांच्या टोपीखालून केस दिसत होते, पांढरे, विंचरलेले, आणि ते त्या ओळीसमोर इतके वेगळे दिसत होते की मला बघवेना. मग त्यांनी डबा उघडला. त्यांच्या सुनेने पिठलं-भाकरी दिली होती. त्यांनी एकेकाच्या हातावर भाकरी ठेवली, माझ्याही. दीर खाता खाता थांबले आणि म्हणाले, "कधीची तारीख बघायची ते तुमच्या भटजीला इचारा." मला वाटतं ते तात्यांना म्हणाले, पण बघत होते माझ्याकडे. तीस वर्षांत पहिल्यांदा.

लेक ओक्साबोक्शी रडायला लागली, आणि लोकांना वाटलं, आजोबांवर किती जीव. मीही रडले. लेकीचं लग्न ठरलं होतं, मला आनंद झाला होता आणि त्याच वेळी माझं मन मला खात होतं. एका माणसाला मीच शोधून काढलं, त्याला म्हटलं हे बघ हे सगळे तुझे, आणि मग माझ्याच घरासाठी त्याला ते सगळं चारचौघांत परत करायला लावलं. खरं काय, ते एक घराणं की दोन, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आता मी शोधणारही नाही.

तेराव्यानंतर त्यांचा फोन आला. आधी लग्नाचं बोलणं झालं, हॉल कुठला, किती माणसं, जेवणात मासवडी ठेवायची का. मग ते म्हणाले, "आनी ते ग्रुपमधून मला काढा. भावकीचा ग्रुप हाय, बरं दिसत नाय. मला स्वतःहून निघता येतं, नातवाने दाखवलंय. पन मी नाय निघनार. तुमी घेतलंत, तुमीच काढा."

मी म्हटलं, राहू दे हो तात्या, कोण बघतंय. ते म्हणाले, नको, लग्न होईपर्यंत कोनाला बोलायला जागा नको.

फोन चालू असतानाच मी त्यांचं नाव शोधलं. ग्रुपमध्ये ते कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांना हात जोडून गेले होते. मी बटण दाबलं. फोनने विचारलं, नक्की काढायचं का. मी हो म्हटलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. मग म्हणाले, "आता तुमच्यात कोन गेलं तर मला कळनार कसं?"

मी म्हटलं, "मी कळवीन ना. व्याह्यांना कळवतातच."

"हां," ते म्हणाले. "तेवढं कळवा."